विचारायला वकील लागतो

"हात वर कर," पाटलांचे वकीलसाहेब म्हणाले.

मी भोरच्या कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होते. नुकतीच मॅट्रिक झालेली. उजवं मनगट मोडून वाकडं जुळलेलं. मी तोच हात वर केला. वकीलसाहेब झटकन मागं सरकले. काळा कोट अंगाशी ओढून घेतला. मग न्यायाधीशांकडं वळले.

"साहेब, ही सांगते की पाटलांच्या मुलानं हिचा हात धरला, पिरगाळला, विहिरीच्या पायऱ्यांवरून खाली ओढलं. अहो, ह्या मुलाच्या घरात आजही ह्यांचा विटाळ धरतात. ह्यांच्यातलं कुणी ओट्याला टेकलं तर ओटा धुऊन काढतात. तो हिला शिवेल कशाला?"

कोर्ट हसलं. बाकांवरचे हसले. दारातला पट्टेवाला हसला. न्यायाधीशांनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलत होते. सरकारी वकील म्हणजे माझ्या बाजूचे. ते चष्मा पुसत बसले. उठलेच नाहीत.

माझी जीभ टाळ्याला चिकटली. इथंच परकर ओला होतो की काय, एवढी एकच भीती डोक्यात होती.

आबा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून उभे होते. ह्याच वकीलसाहेबांच्या उत्रोलीच्या भातखाचरात ते जन्मभर राबलेले. त्यांनी वर बघितलं नाही.

घडलं होतं ते एवढंच. आम्ही धर्म बदलला होता. मेलेली जनावरं ओढणं सोडलं होतं. गावाच्या पोटात त्याचा राग होता. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीचा झरा आटला. सार्वजनिक विहीर सगळ्यांना मोकळी, असं मी शाळेत शिकले होते. शिकवलेलं खरं मानलं आणि घागर घेऊन सरळ विहिरीवर गेले. पाटलाच्या पोरानं मनगट धरलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. पाणी भरायला आलेल्या बाया बघत होत्या. कोर्टात त्यातली एकही आली नाही.

पोरगा सुटला. कोर्टाच्या दारातच त्याला हार घातला. मी भर कोर्टात खोटी ठरले. माझं ठरत आलेलं लग्नही मोडलं. कोर्टाची पायरी चढलेली पोरगी नको, असा त्यांचा निरोप आला.

मरावंसं वाटायचं. खरं सांगते. त्या विहिरीकडं बघून नाही, तर भाटघरच्या धरणाकडं बघून वाटायचं. आमच्या मड्यानं विहीर बाटली म्हणून पुन्हा आमच्याच लोकांना मारलं असतं. मरायचं तरी कुठं, ह्याचाही विचार करावा लागत होता.

पावसाळा लागला. आबा पुन्हा त्याच खाचरात लावणीला गेले. न जाऊन काय करणार? मी दुपारी भाकरी घेऊन गेले. वकीलसाहेब बांधावर छत्री धरून उभे होते. मला बघून अगदी गोड आवाजात म्हणाले, "मनावर घेऊ नकोस पोरी. माझ्या मनात काही नव्हतं. अशिलासाठी बोलावं लागतं."

आबांनी हात जोडले. चिखलाचे हात. ते जोडलेले हात बघितले आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. कोर्टात चिकटलेली जीभ तिथं सुटली.

मी म्हणाले, "साहेब, ते आमचा इटाळ धरत्यात, असं तुमीच कोर्टात सांगितलं. इटाळ धरून पाणी अडवनं गुन्हा हाय ना? मग तुमी तर त्यांचा गुन्हाच सांगितला."

वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावरचा गोडवा गेला. पण खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "हे कोर्टात कुणी विचारलं नाही."

"विचारलं असतं तर?"

"विचारायला वकील लागतो," ते म्हणाले.

"मग म्या वकील व्हनार."

ह्यावर ते हसले. मग समजावून सांगायला लागले. तुमच्यासाठी मास्तरकीत जागा राखीव आहेत, दोन वर्षांत पगार चालू होईल. वकिलीत काही राखीव नसतं. पक्षकारानं आपल्या पायानं चालत यावं लागतं. "तुझ्याकडं कोण येणार? तुमची माणसंसुद्धा माझ्याकडंच येतात."

ते खरं होतं. म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आबांना निरोप आला, उद्यापासून येऊ नका. ऐन लावणीत. आबांनी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. बोलणंच बंद केलं. मास्तरकीच्या कॉलेजात माझं नाव लागलं होतं. मी तिकडं गेले नाही. पुण्याला गेले. आधी कॉलेज, मग कायदा. सरकारी वसतिगृहातलं अन्न गिळताना घरची चूल डोळ्यांपुढं यायची. रोज वाटायचं, चुकलं. परत जावं, मास्तरीण व्हावं, आबांना घास मिळेल. रोज. एक दिवसही असा गेला नाही की मला माझी खात्री होती.

वर्गात साक्षीपुरावा शिकवायचे. साक्षीदाराला काय विचारता येतं, काय विचारू द्यायचं नाही, हरकत कधी घ्यायची. बाकीची मुलं परीक्षेसाठी लिहून घ्यायची. मला भोरचा तो पिंजरा दिसायचा. त्या दिवशी उठून बोलता येईल अशा किती जागा होत्या! माझ्या बाजूचा माणूस एकदाही उठला नव्हता.

शेवटच्या वर्षी दुष्काळ पडला. घरी निघाले तेव्हा कापूरहोळच्या फाट्यावर सडकेच्या दुष्काळी कामाला आई दिसली. खडी फोडत होती. मी एसटीतून उतरले. शेजारी बसले. तिची बोटं चिंध्यांनी बांधलेली. मी तिच्या हातातला हातोडा घ्यायला गेले तर तिनं घेऊ दिला नाही.

म्हणाली, "तुझ्या आबानं सांगितलंय, लई वरसांनी तुझं नाव काढलं. पुन्यातच ऱ्हा म्हंत्यात. हितं वकिली करू नगंस. हितं तुला जगू द्यायचे न्हाईत."

पुण्यात राहणं सोपं होतं. आमचे एक प्राध्यापक सरकारी खात्यात चिकटवून देतो म्हणाले होते. आईचे हात त्या खडीतून सुटले असते. हे सगळं मला कळत होतं.

"आय, मी भोरलाच येनार."

"खायाचं काय?"

"म्हाईत न्हाई."

मुकादमानं हाक मारली तशी ती पुन्हा खडी फोडायला लागली. मला जा म्हणाली नाही. ये म्हणाली नाही.

मी एसटीची वाट बघितली नाही. भोरच्या रस्त्याला चालत निघाले. चालता चालता सगळं पक्कं केलं. आई खडी फोडेल, आबा बोलणार नाहीत, आणि त्याला कारण मी असेन. हे ओझं माझं. ते मी कुणावर ढकलणार नाही. वकिलीची सनद मिळाली की त्याच कोर्टात जाऊन बसायचं. पक्षकार येवो न येवो. वर्ष जावो, दोन जावोत. आणि ज्या दिवशी माझ्या वस्तीतली एखादी बाई त्या पिंजऱ्यात चढेल, त्या दिवशी तिच्या बाजूचा माणूस बसून राहणार नाही. मी उठणार.