पहिली हाक

"तिला कुठं तोंड हाय? सांगू ते नाव लेकराच्या कानात सांगंल आन् गप बसंल. तू आपल्या घुगऱ्या निथळ."

स्वयंपाकघरातून हे शब्द आले तेव्हा मी पडवीत पाळण्याच्या दांडीला वहिनीची हिरवी साडी गुंडाळत होते. बोलणारी मोठ्याई, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आमच्या घराची मालकीण. आणि जिला तोंड नाही ती मी, बाळाची आत्या, नगरहून कालच एस.टी.ने आलेली. उकडलेल्या गव्हा-हरभऱ्यांचा ओलसर वास, बाळंतिणीच्या खोलीतून येणारी ओव्याची आणि वेखंडाची धुरी, दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्याचा कोरडा गंध, या सगळ्यांतून ते वाक्य माझ्यापर्यंत आले. मी साडीची गाठ आणखी घट्ट आवळली. अपमानाने मला रडू येत नाही. माझे हात तेवढे नीटनेटके होतात.

मोठ्याईचे तसे चुकले नव्हते. वयाच्या सातव्या वर्षापासून मी नगरच्या मिशनच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात वाढले आणि आता तिथेच लहान मुलांना शिकवते. सुट्टीत घरी आले की कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसावे, विचारले तर उत्तर द्यावे, ताट उचलावे आणि परत जावे, असा माझा सतरा वर्षांचा शिरस्ता होता. गावातल्या बायकांना मी थोडी परकी, थोडी विनोदी वाटे. त्या दुपारीही ओसरीवर चर्चा चालूच होती. "इंग्रजी आत्या हाय बाबा, लिली न्हाईतर रोझी ठिवायची!" कुणी म्हणाले, आणि बांगड्यांसकट हसू उसळले. मीही हसले. हसण्यामागे पुष्कळ काही ठेवता येते.

नाव ठरलेले होते. मनीषा. वहिनीने ते कुठल्याशा मासिकात वाचले होते, माझ्या धाकट्या भावाला, वसंताला, ते आवडले होते, आणि मोठ्याईने मान डोलावली होती. वहिनीला आई नव्हती, म्हणून पहिले बाळंतपण असूनही ते सासरीच झाले आणि बारसेही आमच्याच दारात होते. मला फक्त वाकून ते नाव बाळाच्या कानात सांगायचे होते.

पण पाळण्याजवळ पाण्याने भरलेला पितळी हंडा ठेवला होता, आणि तो हंडा मी ओळखत होते.

माझ्या आईने तो माहेराहून आणला होता. पारनेरकडचे तिचे गाव, पावसाच्या वाटेकडे डोळे लावून बसणारे. तिथल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन मुलीला पाच भांडी दिली आणि प्रत्येकावर टिंबाटिंबांनी तिचे नाव घातले. संध्याकाळी हंडा चिंचेने घासून झाला की आई माझे बोट धरून त्या टिंबांवरून फिरवी. पितळ ओले आणि गार असे, बोटाला चिंचेचा वास लागे. द्वारका. आयुष्यात मी वाचलेला पहिला शब्द तो. पाटीवरची अक्षरे मला पुढे भेटली, आणि इंग्रजी अक्षरे त्याच्याही पुढे.

मी सहा वर्षांची असताना आईला छातीचा विकार जडला. तिचे ताट वेगळे झाले, मग अंथरूण वेगळे झाले, आणि हुरड्याच्या दिवसांत एका सकाळी तिला बैलगाडीत बसवून माहेरी धाडण्यात आले. "हवा बदलली म्हंजी बरी हुशील," मोठ्याई म्हणाली. तीन वर्षांचा वसंता तेव्हा तिच्याच कडेवर होता. गाडी वळेपर्यंत आई त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मी मोठी होते, मला समजत होते असे तिला वाटले असावे. पुढे तिचे जास्त झाल्याचा निरोप आला तेव्हा खळ्यावर मळणी चालू होती. मळणी उरकली की जाऊ, असे मोठ्याईने ठरवले. वडील तिच्यापुढे मान वर करीत नसत. मळणी उरकली तेव्हा जाऊन भेटावे असे तिथे कुणी उरले नव्हते.

त्यानंतर आठवडाभरात अंगणातल्या लिंबाखाली तांबट येऊन बसला. पाचही भांडी त्याच्यापुढे मांडली गेली. "क्षयानं गेलेल्या बाईचं नाव भांड्यावर नगं," एवढेच मोठ्याई म्हणाली. एकेका टिंबावर हातोडी पडत गेली. भांडी घरात राहिली, नाव तेवढे काढले.

त्या आजाराची भीती खोटी नव्हती, हे मला आज कळते. घरात लहान मुले होती, आणि वेगळे ताट मी केव्हाच माफ केले आहे. पण नाव कुणाला चिकटणार होते? त्या दिवसानंतर आमच्या घरात ते कुणी उच्चारले नाही. सांगण्याची वेळच आली तर 'ती' म्हणत. वडीलही फार जगले नाहीत. वसंता मोठ्याईला आई म्हणत वाढला, तिने त्याला दुधातुपावर वाढवले, हेही खरे. वीस वर्षांच्या माझ्या भावाला आपल्या जन्मदात्रीचे नाव ठाऊक नव्हते. त्याने कधी विचारले नाही. विचारायचे असते, हेच त्याला कुणी शिकवले नव्हते.

आमच्या शाळेत दर रविवारी क्षमेवर प्रवचन होई. मी पुढच्या बाकावर हात जोडून बसे, आणि मनातल्या मनात हंड्यावरचे ठोके ऐकत राही. माणूस मितभाषी असला की लोक त्याला क्षमाशील समजतात. मला कुणी दुखावले तर ते मी विसरत नाही. घडी घालून ठेवते, ट्रंकेतल्या कपड्यांसारखे, डांबरगोळ्या घालून. वसंताचे पोस्टकार्ड आले, 'ताई, तू आत्या झालीस', तेव्हा वर्गात मुले पाढे म्हणत होती, खिडकीतून करड्या, बिनपावसाच्या आभाळाचा उजेड फळ्यावर पडला होता, आणि त्या उजेडात मला एक गोष्ट लख्ख आठवली: आमच्या घरची रीत. नाव आत्याने ठेवायचे, आणि बाळाला त्या नावाने पहिली हाक घरातल्या थोरल्या बाईने मारायची. मोठ्याने, दारापर्यंत ऐकू जाईल अशी.

मग रोज. न्हाऊ घालताना, दूध पाजताना, तिन्हीसांजेला अंगणातून घरात बोलावताना. ज्या तोंडाने सतरा वर्षे ते नाव गिळले, त्याच तोंडाने ते दिवसातून वीसदा बाहेर यावे. मला याहून कमी काही नको होते.

ऊन कलले तशा बायका पाळण्याभोवती जमल्या. आईच्या माहेरचे, माझ्या मामांच्या घरचे, त्यात कुणी नव्हते. तिकडे बोलावणेच गेले नव्हते. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून या हातांतून त्या हातांत गेले आणि पाळण्यात विसावले. वहिनीचा चेहरा बारा दिवसांच्या जागरणाने पांढुरका, पण सुखी दिसत होता. मोठ्याईने माझ्या दंडाला धरून मला पुढे केले आणि कानाशी म्हणाली, "मनीषा. ध्येनात हाय न्हवं?"

मी मान हलवली. वाकण्याआधी हात सहज हंड्यावर टेकला. ठोकलेली जागा अजून खडबडीत होती.

पाळण्यात वेखंडाचा, तेलाचा, दुधाचा वास दाटला होता. बाळाचा कान एवढासा, कडेला मऊ लव. त्या क्षणी मला लाज वाटली नाही असे नाही. माझे भांडण या जिवाशी नव्हते, आणि तरी ते मी तिच्या नावातच गोवणार होते. शाळेत तिच्या भोवती साऱ्या सुनीता आणि मनीषा असतील आणि हिला कुणी आजीबाई म्हणून चिडवील. मी थांबले. पाठीमागे कुणी तरी खुसखुसले. "लाजली बगा!"

मी कानात कुर्र केले आणि नाव सांगितले, एकदा, दोनदा, तीनदा. रिवाजाप्रमाणे बायकांच्या हातांचे धपाटे माझ्या पाठीवर पडू लागले. आणि त्या धपाट्यांखाली एकाएकी ध्यानात आले की ते नाव माझ्याही ओठांवर कधी आले नव्हते. मी तिला आई म्हणत असे. नंतर तेही म्हणायला जागा नव्हती. ज्यांना मी सतरा वर्षे दोषी धरले, त्यांच्या मौनात माझेही मौन मिसळलेले होते. बाळाने ओठ चोखले आणि ती पुन्हा झोपी गेली. तिला ते नाव जुने वाटले नाही.

मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "द्वारका."

धपाटे थांबले. म्हाताऱ्या हातांचे आधी थांबले, तरण्यांचे मागाहून. "अगं बया, लई जुनं की!" एक पोर हसली, आणि कुणीच साथ दिली नाही म्हणून गप्प झाली. वसंता उंबऱ्यात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर नुसते नवल होते, बाकी काही नव्हते, आणि तेच मला सर्वांत जास्त लागले. वहिनी माझ्याकडे बघत राहिली, मग मोठ्याईकडे, आणि तिने हळूच पाळण्याची दोरी हातात घेतली.

मोठ्याईचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मनीषा ठरलं हुतं," ती म्हणाली. "ह्यो काय खेळ हाय? पुन्यांदा सांग कानात."

"पुन्यांदा कसं सांगंल?" रखमाआजी बोलली. ती आमची सुईण. तिनेच वसंताला आणि मला या जगात आणले होते. पदराने डोळे पुसत ती भिंतीकडे वळली. "आत्यानं सांगितलं, ते ठरलं. आता ते बदलत न्हाई."

मोठ्याई पाळण्याच्या पलीकडे उभी होती. बाहेर लिंबाखाली ऊन पिवळे होत चालले होते. मला वाटले होते की हा क्षण आला की छाती हलकी होईल. ती हलकी झाली नाही. तिथे नुसते वाट पाहणे होते, हुरड्याच्या दिवसांतल्या त्या सकाळपासूनचे. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका तो मोठा होता.

"मोठ्याई, पहिली हाक तुमची असते. मारा. मोठ्यानं मारा, मला ऐकायचंय."