शेजारणीला लग्नाची पत्रिका

रत्नागिरीतली आमच्या चर्चची आठ-दहा घरं दर शनिवारी संध्याकाळी एकेकाकडे जमतात. रविवारचं शुभवर्तमान वाचायचं, ते आठवड्यात कसं आचरणात आणणार ते सांगायचं आणि पुढच्या शनिवारी, केलं की नाही, ते सर्वांपुढे बोलायचं. गंमत अशी की प्रत्येकाच्या मते वचन लागू पडतं ते दुसऱ्याच्याच घराला.

त्या शनिवारी आम्ही माझ्या चुलतबहिणीकडे, ताईकडे, होतो. तिच्या लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं, आणि वाचन काय निघावं? मेजवानीला श्रीमंत शेजारी नकोत, गरीब, लंगडे, आंधळे बोलवा! मी तर खुर्ची पुढेच ओढली. दाराशी ताईची शेजारीण बसली होती, आमच्याच चर्चमधली, मासे विकणारी विधवा. तिला पत्रिका गेलेली नव्हती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ताईने उठून कपाटातून पत्रिका काढून तिच्या हातात ठेवली.

"येईन हां, बाय," ती खुलून म्हणाली.

पुढच्या शनिवारी ताई उभी राहिली. आवाजात मध, नजर छताला.

"प्रभूच्या कृपेने मी वचन पाळलं. एका गरिबाला जेवायला बोलावलं."

आमच्या भक्तमंडळींनी माना डोलावल्या. एकाने तर "आमेन"ही म्हटलं.

शेजारीण उठली. तिने पत्रिका बायबलशेजारी ठेवली.

"तुझ्या पोरीला मी न्हाऊ घातलंय, म्हणून बोलावलंस असं वाटलं मला. आता दुसरी गरीब शोध, बाय."

ती निघून गेली. ताई आमच्याकडे वळली.

"बघा, किती गर्व या लोकांना!"

आणि सगळ्यांनी पुन्हा माना डोलावल्या.