उजव्या पायाची चप्पल

ती शनिवारची सकाळ अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं. पण कोणी "एखादी केस सांगा" म्हटलं, की मला हीच आठवते. तिच्यात गुन्हा नव्हता, आरोपी नव्हता आणि खरं सांगायचं तर तपासही मी केला नाही.

तेव्हा मी नगर जिल्ह्यात, शनिशिंगणापूरच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शनिवारी आमचा अर्धा स्टाफ भाविकांच्या बंदोबस्ताला असायचा. नऊच्या सुमारास जवळच्या वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक धापा टाकत आले. आश्रमातले एक आजोबा, सगळे त्यांना तात्या म्हणत, सकाळपासून बेपत्ता होते. ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद घेतली, वर्णन लिहिलं: वय सत्तरीपुढे, पांढरा सदरा, धोतर, मधुमेह. शेवटचा शब्द त्याने लिहिला, मी वाचला आणि दोघांनीही तो मनावर घेतला नाही. मला स्वतःला कित्येक वर्षं शुगर होती. सकाळी एक गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं, एवढीच माझी त्या रोगाशी ओळख.

व्यवस्थापक आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, काल संध्याकाळी आमच्या सेविकेचं आणि तात्यांचं कडाक्याचं भांडण झालं. बाई फार बोलल्या त्यांना."

तेवढ्यात एका शेतकऱ्याचा फोन आला. "साहेब, माझ्या हिरीपाशी चप्पल पडलीय. म्हाताऱ्या मानसाची वाटती."

भांडण, म्हातारा माणूस आणि विहीर. माझ्या डोक्यात केस तिथंच बंद झाली. विहिरीवर गळ आणि पट्टीचे पोहणारे पाठवायला सांगून मी आधी आश्रमात गेलो, कारण मला त्या बाईंचा जबाब हवा होता.

बाई चाळिशीच्या, पाथर्डीकडच्या, अनेक वर्षं ऊसतोडीला गेलेल्या. आसपासची शेतं पालथी घालून त्या नुकत्याच परतल्या होत्या. लुगड्याचा काठ चिखलाने भरला होता.

"काल भांडण कशावरून झालं?"

"पायावरनं."

"नीट सांगा."

"उजव्या अंगठ्याखाली फोड हुता त्यांच्या. मी रोज सांजच्याला सगळ्यांचं पाय बघती साहेब, तळवं, बोटांच्या सांदी. परवा 'आज ऱ्हाऊ दे' म्हनून त्यांनी पाय दिलाच न्हाई. काल दिसला, तवा लई बोलले मी. म्हनलं, सोमवारी डागदरकडं जायाचं."

"एवढ्यासाठी आवाज चढवायचा?" असं म्हणताना माझाच आवाज चढला होता.

बाई अजिबात दबल्या नाहीत. "साहेब, साडेसातला इन्सुलिनची सुई दिलीय त्यांना. सुई दिली की अर्ध्या तासात पोटात घास पायजे. हात धुऊन येतो म्हनले, ते गेलेच. तिकडं साखर उतरत चाललीय त्यांची. मला काय विचारायचं ते मागनं विचारा. आदी मानूस हुडका!"

चौकशीला समोर उभ्या केलेल्या माणसाने मला हुकूम सोडला, असं नोकरीत एकदाच घडलं. राग आला, पण मी त्यांना जीपमध्ये घेतलं.

विहिरीजवळ पाटाच्या चिखलात रबरी चप्पल रुतली होती. हवालदार गळ सोडायच्या तयारीत होता. बाईंनी वाकून चप्पल पाहिली आणि विचारलं, "ही उजवी हाय. डावी कुठंय?"

विहिरीवरच्या चपला मी आयुष्यभर पाहिल्या होत्या. जीव द्यायला आलेला माणूस बहुतेक वेळा दोन्ही चपला काढतो, शेजारी शेजारी ठेवतो. हे मला चांगलं माहीत होतं, आणि तरी तो प्रश्न मला सुचला नव्हता.

"उजव्या पायाला त्यांना काय कळतच न्हाई, साहेब. गरम न्हाई, गार न्हाई, काटा न्हाई. चिखलानं चप्पल वढून घेतली आन् हे तसंच फुडं गेलं."

दोघांना विहिरीवर ठेवून आम्ही बाईंच्या मागे निघालो. ओल्या रानात बऱ्याच पावलांचे ठसे होते. बाई एका ठशापाशी थांबल्या. "ह्यो बघा. करंगळी न्हाई, दोन वर्सांमागं काढलीय. अंगठा आत वळल्याला. ह्यो त्यांचाच." ओल संपल्यावर फुफाटा लागला, मग मुरमाड बांध. तिथं मला दगडांशिवाय काही दिसेना. बाई मात्र खाली मान घालून चालत राहिल्या. एक पाय उचललेला, एक ओढलेला. फोड फुटल्यावर पडलेला ओलसर डागसुद्धा त्यांनी दाखवला. ठसेतज्ज्ञ मी खूप पाहिलेत. पण रोज संध्याकाळी मांडीवर घेतलेला पाय असा जमिनीवर वाचणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मी थक्क होऊन नुसता मागे चालत होतो.

बांधापलीकडे बाभळीखाली तात्या बसलेले दिसले. सदरा घामाने चिंब, हात थरथरत होते, ओळख पटत नव्हती. मी पाण्याची बाटली तात्यांच्या तोंडाशी नेली तर बाईंनी ती काढून घेतली आणि माझा हात बाजूला सारला. आधी चार थेंब देऊन त्यांना गिळता येतंय का पाहिलं. मग पदराच्या गाठीतली साखरेची पुडी सोडली आणि साखरपाणी घोट घोट पाजलं. आम्ही पाच पोलीस नुसते भोवती उभे होतो.

पाव तासाने तात्यांनी डोळे नीट उघडले. "ताई, ह्ये माजं रान. आता पुतन्या कसतो. शेजारच्या खाटंवरल्याचा पाय गेला, आता माजा जानार. त्याच्या आदी येकदा हितल्या मातीत अनवानी हुबं ऱ्हायचं हुतं." मग त्यांची नजर आपल्या पायांकडे गेली. "आन् उजवी चप्पल कुटं गेली?"

ते तासभर एका पायाने अनवाणीच चालत आले होते. ज्या मातीसाठी आले, ती पायाला लागली होती आणि त्यांना कळलीच नव्हती. बाईंनी मूठभर माती उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. तात्यांनी मूठ मिटली. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

"पाय कुनी कापत न्हाई तुमचा," बाई म्हणाल्या. "लपिवला तर मातर जाईल." पुढे तो पाय खरोखरच वाचला.

ॲम्ब्युलन्सची वाट पाहताना हवालदार बोलून गेला, "आमच्या साहेबांना पण शुगर हाय." बाई माझ्याकडे वळल्या. "बूट काढा."

मी हसलो. बाईंनी आवाज चढवला, "काढा म्हनते ना!"

उजवा बूट निघाला. तळातून बाभळीचा लांब काटा आरपार आत आला होता आणि मोजा रक्ताने भिजला होता.

"कवा लागला?" त्यांनी विचारलं.

मी नोकरीभर आरोपींच्या तोंडून ऐकलेलं उत्तर दिलं. "मला माहीत नाही."

दुखलं की माणूस ओरडतो, ओरडला की आपण धावायचं, असं मी पोलिसी काम समजत आलो होतो. जे दुखतच नाही, ते रोज जाऊन, वाकून बघावं लागतं, हे मला त्या बाईंनी शिकवलं. आता दर संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून मी माझे तळपाय बघतो.

ॲम्ब्युलन्स निघाली तेव्हा बाई तात्यांजवळ बसल्या होत्या. मी सावधान उभा राहिलो. वरिष्ठांना मी आयुष्यात असंख्य सॅल्यूट ठोकले. एका पायात बूट आणि दुसरा पाय उघडा असताना ठोकलेला तो एकच.