बायकांच्या क्लासातला इंटरवल

सकाळी भाजी निवडत होते, तेवढ्यात मामेभावाचा फोन आला. "ताई, बाबा गेले..." एवढंच बोलला. शेषरावमामा आजारी होते हे ठाऊक होतं, तरी माझ्या तोंडून निघालं, "असे कसे गेले?" जसं काही माणसानं मला विचारूनच जायचं असतं!

आदिलाबादच्या टाकीजशी मामांचं नाव असं चिकटलं होतं, की पत्ता सांगताना लोक "शेषरावची टाकीज" म्हणत. मालक वेगळाच होता, मामा पिक्चरचं मशीन चालवत. आधी टिनाचं शेड, मग पक्की इमारत, मग लग्नाचा हॉल, आता नुसतं कुलूप. पिक्चर बहुतेक तेलुगू, आणि बघायला येणारी गुडीहत्नूर-बाजारहत्नूरकडची आपली मराठी माणसं. म्हणून मामा मशीनच्या खोलीच्या खिडकीशी माईक घेऊन बसत आणि चालू पिक्चरात सांगत, "आता ही रागावली हाये. सासू खोटं बोलून राह्यली." लोकांचा पडद्यापेक्षा मामांवर जास्त विश्वास.

मी पाचवीत असतानाची ती दुपार, आईबरोबर पिक्चरला गेलेली. बायकांचा क्लास, म्हणजे बसायची वेगळी जागा, मशीनच्या खोलीच्या अगदी खाली. दार एकच, तेही अरुंद. मी सहज मागं वळून वर पाहिलं, तर मामांच्या हाताला ओलं पोतं गुंडाळलेलं आणि त्यांच्या मागं जाळ! आत रीळ पेटलं होतं. सगळा हॉल विड्या ओढणारा, धुराचं कुणाला काय? माईकवर मामा मात्र शांत... "इंटरवल झाला. सगळे बाहेर चला, भजी गरम हायेत."

पुरुष उठले. बायका हलल्या नाहीत. हलतील कशा? आमच्याकडे इंटरवलला उठली की जागा गेली! आईनं तर पाय वर घेऊन डबा उघडला. मामांना हे रोज दिसायचं, आणि नेमके त्याच दिवशी विसरले. "आग" म्हणावं, तर त्या दारात लेकरं तुडवली जाणार. मी वर बघतेय, मामा खाली आईकडे बघताहेत... मग माईक खरखरला.

"बायांनो, पिक्चर सरला. हीरो मेला."

"मेला?" आई ओरडली. "काऊन रे शेषा, आत्ताच तं लगन लागलं त्याचं!"

"मेला, ताई. मी सांगून राह्यलो ना. घरी जा."

'ताई' म्हणताना त्यांचा आवाज फाटला. बायका शिव्या घालत, लेकरं सावरत, एकेक करून बाहेर पडल्या. शेवटची म्हातारी अंगणात पोचल्यावरच मामा मागच्या जिन्यानं उतरले. कुणाला खरचटलंही नाही. मामांचा उजवा हात तेवढा भाजून कायमचा आखडला.

गावानं त्यांना डोक्यावर घेतलं, पण ते काही खुलले नाहीत. "दोन मिनिटं गेली ना माह्या चुकीनं," म्हणायचे. "मले ठाऊक होतं, बाया इंटरवलला उठत नाहीत." आई चिडायची, "जित्या हाओ ना आमी? झालं तं मंग!" आई त्यांच्या आधी गेली, तरी त्या दोन मिनिटांनी त्यांना सोडलं नाही. मला त्यांचा फार राग यायचा, आणि त्याहून जास्त माया.

तेराव्यानंतर, मन रमावं म्हणून, लेक मला हैदराबादेत पिक्चरला घेऊन गेली. गुबगुबीत खुर्च्या, थंडगार हवा. इंटरवल झाला तशी मी उठले.

"आई, बस ना. नंबरची जागा आहे, कोण घेतंय?"

मी तिचा हात धरला, आणि बाहेर उजेडात येईपर्यंत सोडला नाही.