मुलुंडची चाल पारंपरिक कशी झाली

माघ महिना, साल १९५४, रविवार. रक्कम सव्वा रुपया, वर एक नारळ. हजर: आमच्या मुलुंडच्या भजन मंडळाचे अकरा गडी, पेटीवर बुवा, पूजेचे यजमान, आणि मागच्या रांगेत झांज घेऊन मी. चाल आवडली म्हणून यजमानांनी ती बांधणाऱ्याला मान दिला. बुवांनी हात पुढे करून तो घेतला. चाल माझी होती.

एका जुन्या अभंगाला ती बसवायला मला सात आठवडे लागले होते, कचेरीतून आल्यावर रोज पाऊण तास. बुवांना पेटीवर ती दाखवली मीच. परतताना मी विषय काढला.

"बुवा, चाल माझी आहे हे यजमानांना सांगायला हवं होतं."

"चाल काय सातबाऱ्यावर चढवतात काय रे? मी गायलो म्हणून ती चालली. तू गा, बघूया किती माणसं बसतात."

सगळे हसले. पखवाजवाला म्हणाला, "अरे, नारळ फोडू ना, खोबरं तुलाही देऊ."

मी खोबरं खाल्लं नाही. पुढच्या वर्षभरात बुवांनी चौदा ठिकाणी त्याच चालीने सुरुवात केली आणि प्रत्येक ठिकाणी "ही आमची चाल" असं सांगितलं. चौदाही वेळा मी मागे झांज वाजवत होतो.

डबलबारीत दोन मंडळं समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने गातात. आमच्याकडे दोन रिवाज होते. पहिली बारी पाहुण्यांची. आणि पहिल्या बुवाने गायलेली चाल दुसऱ्याने त्या दिवशी गायची नाही. गायलीच, तर "उष्टं खातो" म्हणून लोक टर उडवत. पुढच्या माघात घाटकोपरचं मंडळ आमच्याकडे यायचं होतं. त्याआधी चार रविवार मी गुपचूप घाटकोपरला गेलो आणि त्यांच्या बुवांना चाल शिकवली.

"पैसे किती घेणार?" त्यांनी विचारलं.

"काही नको. फक्त सुरुवातीलाच गा."

"तुमच्याच बुवांसमोर?"

"त्यांच्यासमोरच."

बारी दुपारी चारला लागली. आमच्या बुवांनी मोठ्या अदबीने पाहुण्यांना पहिला मान दिला. पाहुण्यांनी माझी चाल उचलली. दुसऱ्या ओळीला बुवांचा पानाला चुना लावणारा हात थांबलेला मी पाहिला. त्यांची पाळी आली तेव्हा दुसरं काही तयार नव्हतं. त्यांनी एक जुना गजर धरला, तोही दोन सूर वरून. आवाज फाटला आणि लोक चहाला उठले. मी झांज शेवटपर्यंत लयीत वाजवली, एकही ठोका चुकवला नाही. इतकं सुख मला त्याआधी कुठल्या भजनात मिळालं नव्हतं.

तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. बुवा जिथे जातील तिथे ही चाल आधीच पोहोचलेली हवी होती. मी तिचे स्वर कार्बनखाली लिहून काढले, एका वेळी पाच प्रती. कार्बन स्वतःच्या पैशाचा, कचेरीतला नव्हे. भांडुप, विक्रोळी, अंधेरी, बोरिवली इथे मिळून पंचवीस प्रती गेल्या. कुणाचं काम ते बुवांना कळू नये म्हणून एकाही प्रतीवर माझं नाव घातलं नाही.

दोन वर्षांत चाल सगळीकडे झाली. बोरिवलीकरांनी ती दुपटीने पळवली, अंधेरीकरांनी शेवटी गजर जोडला. बुवांना ती कुठेच "आमची" म्हणून गाता येईना. अंधेरीच्या पेटीवाल्याला मी सहज विचारलं, ही चाल कुठली?

"ही ना? जुनी आहे. आमच्या आजोबांच्या वेळची."

"नाही हो, ती मी बांधलीय."

तो हसला. "गेल्या महिन्यात मुलुंडचे एक बुवा येऊन हेच सांगून गेले. कोण ऐकतंय!"

घरी बायको म्हणाली, "त्यांचं नाक कापलंत, आणि स्वतःचं?" त्या रात्री जेवण मला नेहमीपेक्षा जास्त गेलं.

१९५८ मध्ये घाटकोपरला देवळाबाहेर भजनांचं एक छापील पुस्तक विकायला होतं. अभंगाखाली माझे स्वर बिनचूक छापलेले होते आणि वर लिहिलं होतं: चाल पारंपरिक. बुवांचं नाव कुठे आहे का, हे मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा पाहिलं. नव्हतं. मग किंमत मोजली: पंचवीस नये पैसे, पुस्तकवाल्याला.