उरलेला ठेका

सकाळी खाली कुणीतरी गाडी धुता धुता गाणी लावली आणि माझ्या मांडणीवरचे स्टीलचे पेले किणकिणायला लागले. तो ठेका मी लगेच ओळखला. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका रॅपरचा पहिलावहिला अल्बम. कोल्हापूरच्या होस्टेलात माझा रूममेट संज्या तो सतत लावायचा, तेव्हा आमच्या पत्र्याच्या ट्रंका अशाच थरथरायच्या.

शब्द फारसे कळत नसत. पण त्याचं ते सैल, हेल काढून बोलणं गडहिंग्लजच्या संज्याला आपल्याकडचं वाटायचं. शेवटच्या ट्रॅकवर तर गाणंच नव्हतं. नुसता ठेका, आणि त्यावर हा बाबा आपल्या गल्लीतल्या माणसांची नावं घेत सुटायचा. पुढच्या चकचकीत अल्बमांत ती माणसं कुठे गेली कोण जाणे. पहिल्यांदा निघताना माणूस सगळ्यांना बरोबर घेऊन निघतो.

त्याची नावं संपली तरी ठेका थोडा उरायचा. तेवढ्यात संज्या आमची नावं घुसवायचा. "मेसच्या शांताक्का! पंक्चरवाले युनूसभाई! आन् ह्यो माझा दोस्त सुध्या!" मी हसलो की म्हणायचा, "हसतोस काय लेका? आपलं बी नाव कुणीतरी घ्यायला नको व्हय?"

स्वतःचं नाव मात्र तो कधीच घेत नसे.

कित्येक वर्षांत त्याचा पत्ता नाही. आज खाली नावं संपली, ठेका उरला. मी खिडकीतून वाकून मोठ्याने म्हणालो, "गडहिंग्लजचा संज्या!"

गाडी धुणारा माणूस पाइप हातात धरून वर बघतच राहिला.