त्याच्या आईने न पाहिलेली मॅच

नवऱ्याला सिलिकॉन ओएसिस या आयटी वसाहतीत नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून दुबईला आलो. मी फिजिओ, मला इथल्या एका फुटबॉल क्लबात काम मिळालं. तिथे तो आला. दक्षिण अमेरिकेतला डिफेंडर, स्वतःच्या देशाकडून कितीतरी वर्षं खेळलेला. उतरत्या काळात असे खेळाडू आखातात येतातच.

पण काय लपवाछपवी करायचा! गुडघा टम्म सुजलेला, आणि हा म्हणणार, "खलास हबीबी, नो पेन." खलास म्हणजे अरबीत झालं, संपलं; पण बाईला हबीबी नव्हे, हबीबती म्हणतात, एवढंही कळत नव्हतं त्याला. मी चिडून मराठीतच ओरडायचे, "खोटं बोलू नकोस रे, बाबा!" डिफेंडर एकदा बाहेर बसला की त्याची जागा दुसरा पटकावतो, ही त्याची जन्माची धास्ती. दुखऱ्या पायाने खेळेल, पण जागा सोडणार नाही.

त्याच्या आईने त्याची एकही मॅच पाहिली नव्हती. टीव्हीवरसुद्धा नाही. पोराला लागेल या भीतीने मॅच सुरू झाली की ती घराबाहेर निघून जायची. म्हणून हा प्रत्येक दुखापत तिच्यापासून लपवत आलेला. शेवटी देशाने त्याला निरोपाची मॅच देऊ केली, आणि आई पहिल्यांदाच म्हणाली, येते मी बघायला. मग काय, स्वारी हवेत! भेटेल त्याला सांगत सुटला होता.

मायदेशी जाणाऱ्या विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी हलका सराव होता. कोचने बजावलं होतं, नुसतं पळा, कुणी कुणाला भिडायचं नाही. क्लबातला एक फॉरवर्ड सहज गोलकडे धावला, आणि याचं अंग ऐकेना. इतक्या वर्षांची सवय. घसरत आडवा गेला, बॉल सफाईने काढला, आणि उठलाच नाही.

"अरे मूर्खा, कशाला!" म्हणत मी धावले. गुडघ्याला हात लावताच मला कळलं. त्याला आधीच कळलं होतं. त्या फुटक्या प्रॅक्टिसमधला एक गोल झाला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? आजही आठवलं की जीव हळहळतो, आणि रागही येतो.

माझ्या टेबलावर, गुडघ्यावर बर्फ ठेवून, त्याने आईला फोन लावला. त्यांची भाषा मला येत नाही. पण तो चांगला हसून-खिदळून बोलत होता. फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत बसला.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सांगितलं, टीममधून काढलं मला. माझ्यापेक्षा चांगला मिळाला त्यांना."

मी बर्फाची पिशवी सरळ केली. विचारलं, "मग? रडली का?"

"नाही, खूश झाली. म्हणाली, बरं झालं बाळा, एकदाही न लागता सुटलास."